कोण दिसलं?

काँडोरचा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या प्रचंड मोठ्या गिधाडाचा, पहिला धड फोटो मला मिळाला तेव्हा त्याच्या पंखावर एक बिल्ला होता, आणि तो मी पुसून टाकला. संगणकासमोर बसून, दोन रात्री, अगदी मन लावून. पंखाच्या पुढच्या कडेला, माणसाचा खांदा असतो त्या जागी, प्लॅस्टिकचा तो तुकडा आणि त्यावर ठसठशीत आकडे. मागे धुतल्यासारखं आभाळ, पक्षी पुरता पसरलेला, पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी सुटी झालेली, आणि मधेच हा गुरांच्या कानात असतो तसला बिल्ला. शेजारची काळी पिसं उचलून मी त्या जागी बसवत गेले. शेवटी पक्षी असा दिसायला लागला की जणू माणसाचा हात त्याला कधी लागलाच नव्हता. तो फोटो मोठा छापला, चौकट केली, आमच्या मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात लावला. लोकांनी कौतुक केलं आणि मीही ते घेतलं.

आज तो फोटो माझ्याकडे कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे.

सॅन होजेहून पहाटे चारला निघालं की हॉलिस्टर मागे टाकून 25 नंबरच्या रस्त्याने उजाडता उजाडता पिनॅकल्स नॅशनल पार्कला पोचता येतं. आजूबाजूला पिवळ्या गवताच्या टेकड्या, ओकची झाडं, आणि त्यातून एकदम वर काढलेले तांबूस सुळके. सुमारे 2 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे हे अवशेष. तो ज्वालामुखी मुळात इथला नव्हेच. सॅन अँड्रियास नावाच्या भूगर्भातल्या भेगेने त्याचा एक तुकडा तोडून जवळपास 300 किलोमीटर उत्तरेला आणून सोडला. वरच्या भागाला हाय पीक्स म्हणतात. तिथे जायला 1930च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारने बेकार तरुणांना काम देऊन कातळात पायऱ्या खोदून घेतल्या आणि लोखंडी कठडे बसवले. पाऊल जेमतेम मावेल एवढीच खोबण. हरिहर चढलेल्या माणसाला इथे पाय कसा टाकायचा ते सांगावं लागत नाही. पाठीवर 500 मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड असला तरी मी इथे चढताना मनाने सह्याद्रीतच असते.

वर पोचल्यावर फक्त वाट बघायची. आधी दिसतात ती टर्की व्हल्चर, तीही गिधाडंच, पण लहान. पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, उडताना सतत इकडून तिकडे डुचमळणारी. नवख्याला प्रत्येक वेळी वाटतं, आला काँडोर. पण खरा काँडोर येतो तेव्हा शंका उरत नाही. हवेवर फळी ठेवावी तसा तो सरळ येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेनऊ फूट, वजन आठ ते दहा किलो. पंख हलत नाहीत. मिनिट दोन मिनिटं हलत नाहीत. कड्यावरून ऊन तापलेली हवा वर उठत असते आणि तिच्यावर तो नुसता बसल्यासारखा गोल फिरत वर जातो.

एकदा मी पायऱ्यांच्या वळणावर पाणी पीत होते तेव्हा एक माझ्या डोक्यावरून गेला, वीसेक फुटांवरून. आधी आवाज आला. भरलं शीड वारा कापतं तसा. काँडोरला आवाज काढायचं स्वरयंत्र नाही, त्यामुळे तो साद घालत नाही, फार तर फुसकारतो, घुरघुरतो. त्याचा खरा आवाज पिसांतून निघतो. मान वर केली तर नारिंगी-गुलाबी उघडं डोकं, मानेभोवती काळ्या पिसांची झालर, आणि डोकं थोडं कलतं करून तो माझ्याकडे बघत होता. कॅमेरा गळ्यात होता. हात तिकडे गेलाच नाही.

काँडोरचा फोटो तांत्रिकदृष्ट्या अवघड असतो, तेही सांगते. पक्षी काळाभोर, मागे चकाकतं आभाळ. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिलं तर पक्ष्याच्या जागी नुसती सावली उमटते. म्हणून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वर न्यायचं, म्हणजे फोटो मुद्दाम जास्त उजळ घ्यायचा. पण मोठ्या काँडोरच्या पंखाखाली पांढरे शुभ्र त्रिकोण असतात, ते लगेच करपून जातात, त्यांतलं एकेक पीस नाहीसं होतं. काळं राखावं तर पांढरं जातं. सकाळी दहाच्या आत, तांबड्या कड्याचा उजेड खालून पंखांवर पडतो तेवढी पंधरा-वीस मिनिटं दोन्ही हाती लागतं. बाकी दिवसभर नुसतं बघावं.

असंच एका सकाळचं काम आटोपून मी खाली उतरत होते. वाटेत एक बाई उभ्या होत्या, साठी ओलांडलेल्या, हातात जुन्या टीव्हीच्या छपरावर असायचा तसला अँटेना. तो त्या हळूहळू एका सुळक्याकडून दुसऱ्याकडे फिरवत होत्या आणि कमरेच्या रेडिओतून टिक टिक आवाज येत होता. इथल्या बहुतेक काँडोरांच्या अंगावर छोटं ट्रान्समीटर असतं. कुठला पक्षी कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक. माझी लेन्स बघून त्या हसल्या आणि त्यांनी विचारलं, कोण दिसलं?

इंग्रजीतच विचारलं होतं, पण मी तो प्रश्न मराठीत ऐकला. काय दिसलं असं नाही. कोण दिसलं.

मला सांगता येईना. मी म्हटलं, एक मोठा दिसला. त्यांनी कॅमेरा मागितला, मागच्या पडद्यावर फोटो मोठा करत करत थेट बिल्ल्यावर गेल्या, जो भाग मी घरी जाऊन पुसणार होते नेमका तिथे. आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "ही होय! परत आली तर." मग खिशातून वही काढून तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिली. त्या मादीला काही महिन्यांपूर्वी तपासणीसाठी पकडलं होतं. रक्तात शिसं निघालं. लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन, शिसं धरून बाहेर काढणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देऊन बरी केली आणि पुन्हा सोडली. त्यानंतर या बाईंना ती दिसलेली नव्हती. माझ्या फोटोत दिसली. (आकडा मी इथे लिहीत नाही. हंगामात कुठला पक्षी कुठे फिरतो हे चारचौघांत लिहू नये, असं त्यांनीच सांगितलं आणि मला ते पटलं.)

फोटो पुसून, प्रदर्शन होऊन गेल्यावर एकदा मी बिल्ल्यांबद्दल वाचायला बसले. वाचत गेले तशी ज्या फोटोसाठी दोन रात्री घातल्या होत्या त्याची लाज वाटत गेली.

1982 साली जगात फक्त 22 कॅलिफोर्निया काँडोर उरले होते. आमच्या चाळीच्या जिन्यावर यापेक्षा जास्त माणसं राहत होती. उरलेले पक्षी पकडून बंदिवासात वाढवायचे की नाही यावर तेव्हा भांडणं झाली. डेव्हिड ब्रॉवर यांच्यासारखे मुरलेले निसर्गप्रेमी पकडण्याच्या विरोधात होते. मोकळ्या आभाळाशिवाय काँडोर हा काँडोरच नव्हे, असं त्या बाजूचं म्हणणं. ते वाचताना मला ती माणसं चुकीची वाटत नाहीत. मी त्या काळात असते तर कदाचित त्यांच्याच बाजूला उभी राहिले असते. बिल्ला पुसणारीचं मन दुसरीकडे कुठे जाणार? पण 19 एप्रिल 1987 रोजी मोकळ्यावरचा शेवटचा काँडोर, एसी-9 नावाचा तरुण नर, जाळ्यात आला आणि आभाळ रिकामं झालं. जगातले सगळे 27 काँडोर सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस इथल्या पिंजऱ्यांत होते.

काँडोरचा संसार फार सावकाश चालतो. सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर जोडी जमते. मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि पिल्लू वाढवायला इतके महिने लागतात की बहुधा वर्षाआड एक. पण पहिलं अंडं गेलं तर ती दुसरं घालते. याच गोष्टीवर सगळी मदार होती. पहिलं अंडं काढून यंत्रात उबवायचं, दुसरं आईबापांकडे ठेवायचं. यंत्रातल्या पिल्लाने माणसाला आई समजू नये म्हणून भरवणारे लोक हातात काँडोरच्या डोक्याची बाहुली घालत, पडद्याआडून. नारिंगी चामड्याचं डोकं, आणि त्या चोचीतून मांसाचे तुकडे. 1988 मध्ये बंदिवासातल्या जोडीचं पहिलं पिल्लू जन्मलं. 1992 मध्ये पहिले पक्षी पुन्हा मोकळे सोडले. ते विजेच्या खांबांवर बसून मरायला लागले, तेव्हा पिंजऱ्यात खोटे खांब उभे करून त्यांना सौम्य झटका द्यायची पद्धत काढली, खांब म्हणजे वाईट हे शिकवायला. आईबापांनी शिकवायचं ते माणसं शिकवत होती, एकेका पिल्लाला, वर्षानुवर्षं. एसी-9 जोडीदारीण मिळवून, पिल्लं वाढवून 2002 मध्ये पुन्हा सोडला गेला. पंधरा वर्षांनी. ती तारीख वाचून मी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

आज जगात 500हून अधिक काँडोर आहेत, त्यांतले 300हून अधिक मोकळे. त्या प्रत्येकाचा आकडा कुणाच्या तरी वहीत आहे.

आणि तरी त्यांना सगळ्यात जास्त मारणारी गोष्ट तीच आहे. शिसं. शिकारी हरणाला किंवा रानडुकराला शिशाची गोळी मारतो. गोळी आत शिरताना फुटते, तिचे मोहरीपेक्षा बारीक शेकडो कण मांसात पसरतात. शिकारी मांस नेतो, आतडी तिथेच टाकतो. काँडोर ती खातो. त्याच्या पोटातलं आम्ल हाडंसुद्धा विरघळवतं, मग शिसं का नाही? विरघळलेलं शिसं रक्तात जातं आणि पचनाच्या नळीचे स्नायू लुळे पडतात. घशाखालची पिशवी अन्नाने भरलेली असते आणि पक्षी उपाशी मरतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

म्हणून हे पक्षी वर्षातून एकदोनदा पकडून रक्त तपासतात. कॅलिफोर्नियाने 2008 पासून काँडोरच्या मुलखात आणि 1 जुलै 2019 पासून सगळ्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तांब्याच्या गोळ्या वापरायच्या. समुद्रकाठच्या बिग सर भागात काँडोर राखणाऱ्या संस्थेने शेतकऱ्यांना आणि शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट वाटल्या. मला हे फार मोठं वाटतं. रागावणं सोपं असतं. समोरच्याच्या हातात दुसरी गोळी देणं, तीही पदरच्या पैशाने, हे करायला वेगळी माणसं लागतात. कायद्याने शिसं थांबलं असं अजून नाही. पकडलेल्या पक्ष्यांच्या रक्तात ते अजून निघतं.

शिशाचं हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्यासारखंच झालं की गं."

माझं आजोळ म्हसळ्याकडचं. गिधाडांचे फोटो काढते म्हटल्यावर पहिल्यांदा आई नाराज झाली होती. काहीतरी शुभ काढ, म्हणाली होती. पण नंतर तीच सांगायला लागली. गावाबाहेरच्या माळावर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात आधी एक ठिपका, मग दहा, मग शंभर. दुपारपर्यंत नुसता सांगाडा, वास नाही, माशा नाहीत. वाडीतल्या उंच माडावर त्यांची घरटी. खाली विष्ठेने जमीन पांढरी, म्हणून आजोबा कुरकुरायचे, पण माड तोडला नाही. "मग एका वर्षी ती दिसेनाशीच झाली," आई म्हणते. "कुणी मारलं नाही, काही नाही. आम्हाला वाटलं दुसरीकडे गेली असतील."

ती दुसरीकडे गेली नव्हती. दुखऱ्या गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक त्यांना मारत होतं. औषध दिलेलं जनावर मेलं की ते मांसातून गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडं निकामी होत, आणि दोन-चार दिवसांत पक्षी मान खाली टाकून बसे. पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त संपली. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी उरलीसुरली घरटी राखली, आणि 2024 साली हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली गेली. त्यांच्याही पाठीवर ट्रान्समीटर, त्यांनाही आकडे. इथे शिकाऱ्याची गोळी, तिथे गाय बरी व्हावी म्हणून मायेने दिलेलं औषध. दोन्ही ठिकाणी गिधाडाने फक्त आपलं काम केलं होतं, मेलेलं साफ करायचं. 'गिधाडासारखा टपून बसलाय' असं आपण माणसाला म्हणतो ना, मला आता ते तोंडातून काढवत नाही. आपल्याच कथेत सीतेसाठी रावणाला आडवा गेला आणि पंख तोडून घेतले तोही याच कुळातला.

बिग सरला मी दोनदाच गेले आहे. तिथे समुद्रावरचे काँडोर मेलेले सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, खातात. पुन्हा तेच, मेलेल्यातून विष: लॉस एंजेलिसच्या समुद्रात पूर्वी सोडलेलं डीडीटी सी लायनच्या चरबीतून काँडोरच्या अंगात आलं आणि अंड्यांची कवचं पातळ झाली. आणि 2020च्या ऑगस्टमध्ये डोलन नावाच्या वणव्याने त्यांचं रानच पेटवलं. बारा काँडोर गेले. एका रेडवुडच्या उंच झाडावरच्या घरट्यात मात्र उडता न येणारं एक पिल्लू होतं. घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यावर लोक रात्रभर बघत होते, ज्वाळा जवळ येईपर्यंत, मग कॅमेराच जळाला. पिल्लू जिवंत निघालं. त्याचं नाव इनिको. मी त्या रात्री बघणाऱ्यांत नव्हते, पण नंतर ते चित्रण पाहिलं आहे आणि पुन्हा बघणार नाही.

2022 मध्ये उत्तरेला युरोक या तिथल्या आदिवासी लोकांनी आपल्या रेडवुडच्या मुलखात काँडोर परत आणले. त्यांच्या भाषेत तो प्रे-गो-नीश. शंभराहून जास्त वर्षं तिथे तो दिसला नव्हता. पुढच्याच वर्षी ॲरिझोनात बर्ड फ्लूने 21 पक्षी मेले आणि काँडोरना घाईघाईने लस टोचायला सुरुवात झाली. एक पाऊल पुढे पडतंय म्हणेपर्यंत हे असं. ज्यांच्या वहीत ते 21 आकडे होते त्यांनी दुसऱ्या दिवशी अँटेना कसा उचलला असेल, हे मला कळत नाही.

गेल्या वर्षी मी मूळ फाइल शोधून काढली, बिल्ल्यासकटची. बदल काही केले नाहीत, फक्त सावल्या थोड्या उचलल्या. बिल्ल्याच्या कडा उन्हाने फिकट झालेल्या आहेत, एका कोपऱ्यात चोचीने कुरतडल्याची खूण आहे. त्याच्या खाली, जिथे मी दोन रात्री दुसरी पिसं चिकटवली होती, तिथे त्या पक्ष्याची स्वतःची पिसं आहेत: एक जुनं, तपकिरी पडलेलं, आणि त्याला लागून नवं, निळसर काळं, अर्ध्यावर आलेलं. पीस बदलत होतं. मी पुसलं तेव्हा हेही गेलं होतं.

आता वर जाते तेव्हा माझ्याकडेही वही असते. फोटो नंतर, आधी आकडा, वेळ, वारा. खाली त्या बाई असल्या तर त्यांनी विचारायच्या आत सांगते.

नवा फोटो छापून आईला पाठवला. पोचल्याचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ त्या बिल्ल्याबद्दलच विचारत होती. कुणी लावला, टोचत नाही ना, आकडा कसला. फोटोतली म्हणजे शिसं काढून परत सोडलेली तीच मादी, हे कळल्यावर तिने विचारलं, "हिला पोरंबाळं?"

"एक आहे," मी म्हटलं. "अजून कपारीतच असतं. दिवाळीच्या सुमारास उडेल म्हणतात."